लहान खाऱ्या टाकीत पहिला मासा कोणता घ्यावा?

प्रति,
माननीय संपादक,

विषय : घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी सुरुवातीचे मासे निवडण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी एक सचित्र लेख आला होता. या छंदाकडे आपल्या भागातील वर्तमानपत्राने लक्ष दिले याचा मला आनंद झाला, कारण सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला समुद्रातला जिवंत मासा पाहायला मिळणे सोपे नाही. मात्र त्या लेखात नवशिक्यांसाठी म्हणून जे मासे सुचवले होते, त्यांत निमो, ब्लू टँग, समुद्रघोडा आणि समुद्रफूल (सी ॲनिमोन, जो मासा नसून दगडाला चिकटून राहणारा प्राणी आहे) यांची नावे एकाच ओळीत होती आणि सोबतच्या छायाचित्रात दीड-दोन फुटांच्या टाकीत हे सारे एकत्र दिसत होते. तो लेख वाचून सांगली-मिरजेतील चार घरांनी जरी येत्या महिन्यात तशी टाकी मांडली, तरी त्या चारही घरांत पंधरा दिवसांत मेलेले मासे निघतील, अशी मला भीती वाटते. हे मी अनुभवाने सांगते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी मिरजेतील एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि विश्रामबागेत राहते. २०१७ च्या दिवाळीत मुलीच्या हट्टाने आम्ही पहिली खारी टाकी घेतली. दुसऱ्या एका शहरातील दुकानातून टाकी, फिल्टर, मिठाची पिशवी आणि मासे हे सर्व एकाच दिवशी, एकाच गाडीतून घरी आले. दुकानदाराने सांगितले की पाण्यात मीठ विरघळले, की त्याच संध्याकाळी मासे सोडता येतात. आम्ही तसे केले. दोन निमो, म्हणजे क्लाऊनफिश, एक ब्लू टँग, तीन डॅमसेल (छोटे, चिवट समुद्री मासे), एक छोटा पिवळा मासा ज्याचे नाव आम्हाला सांगितलेच नव्हते, आणि एक समुद्रफूल असा तो संसार होता. पहिले तीन दिवस घरी पाहुण्यांची रीघ होती. चौथ्या दिवशी समुद्रफूल आक्रसून दगडावरून सुटले आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटले. सहाव्या दिवशी ब्लू टँगचा गडद निळा रंग फिका, राखेसारखा झाला आणि तो टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे फिल्टरचे पाणी पडते तिथे तोंड वर करून थांबू लागला. बाराव्या दिवशी सकाळी टाकीत एकच डॅमसेल जिवंत होता. दुकानदाराला फोन केल्यावर त्याने औषधाची बाटली घेऊन जायला सांगितले.

रक्तातला युरिया रोज मोजणाऱ्या माणसाला टाकीतला अमोनिया मोजावा असे बारा दिवस सुचले नाही, याचे दुःख मला आजही होते. त्या दिवशी मी टेस्ट किट आणून पाणी तपासले, तेव्हा अमोनियाचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या, सर्वांत गडद हिरव्या चौकोनापर्यंत गेला होता. मासे रोगाने मेले नव्हते. ते आपल्याच उत्सर्जनाने विषारी झालेल्या पाण्यात गुदमरून मेले होते.

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असल्याने आठवड्याला थोडे पाणी बदलून काढता येते. परंतु हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. दगड, वाळू आणि फिल्टरच्या स्पंजवर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला हौशी लोक 'टाकी सायकल होणे' म्हणतात. गोड्या पाण्यातही हाच क्रम असतो. पण खाऱ्या टाकीचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असतो आणि सामू जितका वर, तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत जी चूक कदाचित निभावते, ती खाऱ्या टाकीत निभावत नाही. त्यात खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो : २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम. पूर्वी ही सायकल बसवण्यासाठी मुद्दाम एखादा चिवट डॅमसेल सोडत असत आणि काही दुकानांत आजही तसाच सल्ला मिळतो. त्याची काहीही गरज नाही. रिकाम्या टाकीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू दिले, तरी जिवाणूंना लागणारा अमोनिया मिळतो. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट मात्र दिसते आहे, अशी स्थिती आली की मगच माशाचा विचार करावा.

आता माशांच्या निवडीकडे येते. आपल्याकडे सर्रास मिळणारी 'दोन फुटी' टाकी २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच असते. हिशेबाने तिच्यात ७० लिटर पाणी मावते, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात ५५ लिटरच्या आसपास राहते. ब्लू टँग दुकानात दीड इंचाचा असतो, पण पूर्ण वाढला की सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे त्या टाकीच्या रुंदीएवढा होतो, आणि तो दिवसभर पोहत राहणारा मासा आहे. मासा घेताना तो आज केवढा आहे हे न पाहता तो केवढा होणार आहे हे पाहावे, ही एक गोष्ट कोणी मला २०१७ मध्ये सांगितली असती, तर त्या सातांपैकी निम्मे मासे मी घरी आणलेच नसते.

दुसऱ्या खेपेस मी पहिला मासा म्हणून काळी मोली निवडली. हे वाचून अनेकांना नवल वाटेल, कारण मोली हा गोड्या पाण्याच्या प्रत्येक दुकानात मिळणारा, अगदी स्वस्त मासा आहे. पण मोलीचे मूळ मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडील नद्या व खाड्यांत आहे आणि तिच्या शरीरात कमी-जास्त क्षारता सोसण्याची ताकद आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरून पाणी शिरत राहते आणि तो ते लघवीवाटे टाकत राहतो. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी उलट बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बहुतेक मासे यांतले एकच काम जाणतात. मोली वेळ मिळाला तर दोन्ही करू शकते. मी एका बादलीत एअरपंप लावून, रोज थोडे पाणी काढून तेवढेच खारे पाणी घालत, दहा दिवसांत तिला समुद्राच्या क्षारतेपर्यंत नेले आणि मग टाकीत सोडले. ही घाई एका दिवसात केली तर मोलीही मरते. शिवाय फुगीर पोटाच्या 'बलून' मोलीपेक्षा साधी, सडपातळ काळी मोली घ्यावी. ती जास्त काटक असते.

मोलीचा आणखी एक लाभ असा, की ती गोड्या पाण्यातून येत असल्याने समुद्री माशांवर येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सोबत आणत नाही. ती काचेवरचे शेवाळ खुडून खाते, तळहातावर मावेल एवढीच राहते, आणि मुख्य म्हणजे मीठ किती, पाणी कधी बदलायचे, खाद्य किती हे शिकताना आपल्या हातून जी चूक होते, ती समुद्रातून पकडून आणलेल्या जिवाच्या वाट्याला येत नाही. तीन महिने एका मोलीवर टाकी नीट चालली, तर पुढचा मासा आणायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

त्यानंतरचा मासा निःसंशय क्लाऊनफिश, पण हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढलेला. शेंदरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली ऑसेलारिस ही जात साधारण आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढते, दगडाचा एखादा कोपरा धरून राहते, फार पोहत नाही आणि गोळीखाद्य आनंदाने खाते. क्लाऊनफिशची पैदास आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिच्या मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांत क्लाऊनफिश व डॅमसेल यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, आणि आपल्या राज्यातही ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाऊनफिशच्या पैदाशीचे काम झाले आहे. हॅचरीतला मासा जन्मल्यापासून काचेच्या भिंती, माणसाची सावली आणि गोळीखाद्य ओळखतो. समुद्रातून पकडलेल्या माशाला हे सर्व नवे असते. शिवाय इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या काही भागांत प्रवाळांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा आहे, आणि असा मासा दुकानात ठणठणीत दिसूनही काही आठवड्यांत घरी मरतो. तेव्हा घेणाऱ्याला आपण काय चुकलो हे कळतही नाही.

क्लाऊनफिश जन्मतः सर्व नरच असतात. दोन लहान मासे एकत्र वाढले, की त्यांतला मोठा आणि वरचढ मासा मादी होतो आणि दुसरा नर राहतो. म्हणून दोन घेताना एक थोडा मोठा आणि एक थोडा लहान, दोन्ही कोवळ्या वयाचे घ्यावेत. सारख्याच आकाराचे दोन मोठे मासे आणले, तर ते एकमेकांना फाडतात. माझी जोडी मार्च २०१८ मध्ये आली आणि ती आजही त्याच टाकीत आहे. मी त्यांना समुद्रफूल दिलेले नाही. क्लाऊनफिशला समुद्रफूल लागतेच हा समज चुकीचा आहे. समुद्रात त्याला शत्रूंपासून आडोसा हवा असतो, टाकीत शत्रूच नसतो. उलट समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि अनेक महिने स्थिरावलेले पाणी लागते, आणि ते मेले तर एका रात्रीत सारी टाकी नासवते. माझ्या जोडीने समुद्रफुलाच्या जागी मातीच्या फुटक्या कुंडीचा एक तुकडा आपलासा केला आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी मादी त्या खापरावर अंड्यांचा शेंदरी पट्टा घालते आणि नर आठवडाभर तिथून हलत नाही; पंखांनी वारा घातल्यासारखे पाणी हलवतो, एखादे पांढरे पडलेले अंडे तोंडाने उचलून दूर करतो, आणि मी काच पुसायला हात घातला तर बोटाला येऊन धडकतो. अंडी शेंदरीवरून करडी होतात, मग भिंग धरले तर प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे दिसतात, आणि दिवे मालवल्यावर रात्री पिल्ले बाहेर पडतात. त्यांना वाढवायला रोटिफरसारखे सूक्ष्म जीव जिवंत पुरवावे लागतात आणि ते मला अजून साधलेले नाही. पण मुलीने आणि मी टॉर्चच्या उजेडात ते पाहिले आहे.

या दोन फुटी टाकीत क्लाऊनफिशच्या जोडीखेरीज आणखी एकच लहान मासा मावतो, आणि तो तळाशी राहणारा असावा, म्हणजे जागेवरून भांडण होत नाही. पिवळा वॉचमन गोबी किंवा शेपटीवर ठिपका असलेली छोटी ब्लेनी मला योग्य वाटतात. फायरफिशही स्वभावाने गरीब आहे, पण दचकला की उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळी हवीच. बांगाई कार्डिनल शांत आणि देखणा आहे. मात्र तो इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरापुरताच आढळतो आणि अति पकडीमुळे तिथे संकटात आला आहे, म्हणून तो हॅचरीतलाच मिळाला तरच घ्यावा. मोली सोबत ठेवायची असेल, तर हा तिसरा मासा आणू नये.

काही मासे नवशिक्याने घेऊच नयेत. डॅमसेल स्वस्त आणि चिवट म्हणून गळ्यात मारले जातात. पहिल्या टाकीतून वाचलेला माझा डॅमसेल मखमली काळा होता, अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला. तो लहानपणी पाहतच राहावा असा असतो, पण वर्षभरात त्याने अर्धी टाकी आपली ठरवली आणि नव्या जोडीच्या पंखांच्या चिंध्या केल्या. त्याला पकडण्यासाठी सारे दगड बाहेर काढावे लागले. शेवटी मोठी टाकी असलेल्या एका परिचितांकडे मी त्याला दिला. मँडरिन मासा रंगाने विलक्षण असतो, पण तो दगडांवरचे सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपून जगतो. लहान, नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो डोळ्यांदेखत खंगत जातो. क्लीनर रास हा मासाही लहान टाकीत असाच उपाशी राहतो. लायनफिशच्या काट्यांत विष असते, हे घरात मुले असणाऱ्यांनी विसरू नये.

समुद्रघोड्याविषयी मात्र स्पष्ट लिहायला हवे, कारण आपल्या लेखात त्याचे नाव आले आहे. समुद्रघोडा, प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून काढलेला समुद्रघोडा किंवा प्रवाळाचा तुकडा विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून जे दगड विकले जातात, ते अनेकदा प्रवाळच असतात. कोरडा सच्छिद्र दगड घ्यावा. सायकलच्या सहा आठवड्यांत त्याच्यावर जिवाणू आपोआप बसतात. कायद्याचा हा भाग पुरवणीतील लेखात एका वाक्याने तरी यायला हवा होता.

आता आपल्या भागापुरते. सांगलीत या छंदाची खरी परीक्षा मासा घेत नाही, उन्हाळा आणि वीज घेतात. समुद्री माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद खोलीतली टाकी दुपारी ३१ अंशांवर जाते. पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, सर्वांना परवडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते; पण त्याने माझ्या टाकीतून रोज दीड लिटर पाणी उडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. ५५ लिटरमधून दीड लिटर गेले, की क्षारता हजार भागांत ३५ वरून ३६ होते, आणि चार दिवस दुर्लक्ष केले तर माशाला त्रास होईल एवढी चढते. त्यामुळे उडालेले पाणी रोज भरावे, आणि ते गोडेच भरावे. मोठ्या टाकीत हा चढ-उतार सावकाश होतो. लहान टाकी स्वस्त पडते, पण ती सांभाळायला सोपी असते असे मात्र नाही, आणि तिच्यात मासे कमी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

भरायचे पाणी नळाचे किंवा बोअरचे नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरचे आरओ चालते, पण अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते, म्हणून विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने पाहून घ्यावे. गल्लोगल्ली मिळणाऱ्या जारच्या पाण्याचेही तसेच. मी तपासलेल्या दोन जारांत फरक फार होता. मीठ म्हणून स्वयंपाकाचे किंवा खडे मीठ अजिबात वापरू नये, कारण त्यात समुद्राच्या पाण्याइतके कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. टाकीसाठीचे तयार समुद्री मीठ ५५ लिटरला सुमारे दोन किलो लागते. काही मंडळी रत्नागिरीला गेली की आंबा घाटातून कॅन भरून समुद्राचे पाणी आणतात. पावसाळ्यात तर हे मुळीच करू नये, कारण किनाऱ्यालगतच्या पाण्यात नद्यांचे गढूळ गोडे पाणी मिसळलेले असते. क्षारता मोजायला प्लास्टिकच्या काट्याच्या साधनावर विसंबू नये. आम्ही प्रयोगशाळेत लघवीची विशिष्ट गुरुता पाहायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतो; त्याच तत्त्वावरचे, पण समुद्राच्या पाण्याची वेगळी मोजपट्टी असलेले उपकरण मिळते. एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरले, की निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा १.०२५ वर यायला हवी. महिन्यातून एकदा ते ठरावीक द्रावणावर जुळवून घ्यावे. आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदलले, की काढलेले खारे पाणी मोरीत ओतावे. मी एकदा ते जास्वंदीला घातले आणि झाड गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने अर्धी सांगली पाण्यात होती. आमच्या घरात पाणी आले नाही, पण तीन दिवस वीज नव्हती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी किती वाढली हे आम्ही रेडिओवर ऐकत होतो, आणि ज्या नातलगांच्या घरात पाणी शिरले होते ते आमच्याकडे राहायला आले होते. अशा वेळी माशांची काळजी बोलून दाखवण्याचाही संकोच वाटत होता. टाकीत त्या वेळी क्लाऊनफिशची जोडी आणि एक गोबी एवढेच होते. सेलवर चालणारा एक छोटा एअरपंप मी खबरदारी म्हणून आणून ठेवलेला होता. तो लावला, खाद्य पूर्ण बंद केले आणि सेल पुरवायचे म्हणून रात्री दोन वेळा उठून तासभर तो बंद ठेवला. तिन्ही मासे जगले. त्याच टाकीत सात मासे असते, तर प्राणवायू कितीतरी लवकर कमी पडला असता. त्या दिवसांपासून माशांच्या संख्येबाबत मी कोणाशीही तडजोड करत नाही.

दुकानातून मासा घेताना काय पाहावे, हेही थोडक्यात लिहिते. आपल्याकडे खारे मासे बहुतेक मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्मोकोलच्या खोक्यांत येतात. आलेल्या दिवशीच मासा उचलू नये. आठवडाभर तो दुकानात राहू द्यावा. मग दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे आणि मासा खातो की नाही ते स्वतः पाहावे. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील, पोट आत गेले असेल, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, तर त्या टाकीतला दुसरा मासाही घेऊ नये. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टबात ठेवणे उत्तम. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडल्यावर मासा त्या पाण्यात तासन्‌तास ठेवू नये, कारण पिशवीतला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की सामू चढतो आणि साचलेला अमोनिया एकदम विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच तापमान जुळवावे आणि उघडल्यावर विनाविलंब मासा हलवावा.

दुकानदार मंडळींवर मला सरसकट दोष द्यायचा नाही. सांगलीत माझ्या ओळखीचे एक दुकानदार गिऱ्हाइकाने टाकीचे माप सांगितल्याशिवाय मासा देत नाहीत. माझी सर्वांना एवढीच विनंती आहे, की प्रत्येक खाऱ्या माशाच्या टाकीवर एक चिठ्ठी चिकटवावी : माशाचे नाव, पूर्ण वाढ किती सेंटिमीटर, आणि हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला. या तीन गोष्टी लिहिल्या, तर त्या लेखातल्यासारखी टाकी कोणी भरणार नाही. आपणही पुरवणीच्या पुढील अंकात त्या यादीतून ब्लू टँग, समुद्रघोडा आणि समुद्रफूल वगळत असल्याची दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती.

ज्यांनी तो लेख वाचून टाकी आणलीच असेल, त्यांनी घाबरू नये. मासे सोडले नसतील तर अजून काहीच बिघडलेले नाही. अशा वाचकांच्या टाकीचे पाणी मी दर शनिवारी संध्याकाळी विनामूल्य तपासून देईन. स्वच्छ धुतलेली, साबणाचा वास नसलेली पाण्याची छोटी बाटली काठोकाठ भरून, त्याच दिवशी काढलेले पाणी आणावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. विचारणाऱ्यांना तो कळवावा.

आपली विश्वासू,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली